एका इंजिनाच्या तीन किमती

१९६७ पासून फॉर्म्युला टू शर्यतींचे नियम बदलणार होते. शर्यतीच्या गाडीचं इंजिन यापुढे लोकांना विकलेल्या किमान ५०० गाड्यांमधल्या इंजिनावर आधारलेलं हवं, असं नव्या नियमात होतं. फेरारीसारख्या छोट्या कारखान्याला एकाच जातीच्या एवढ्या गाड्या झटपट काढणं झेपणारं नव्हतं, म्हणून फेरारीने फियाटला सोबत घेतलं. या सोयरिकीतून जे सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स इंजिन रस्त्यावर आलं, ते तीन वेगवेगळ्या गाड्यांमध्ये बसलं. फेरारीच्या डिनो २०६ आणि २४६ मध्ये. फियाटच्या नावाने विकल्या गेलेल्या फियाट डिनोमध्ये. आणि पुढे लान्सिया स्ट्रॅटोसमध्ये, जिच्या जोरावर लान्सियाने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद पटकावलं.

आज डिनो २४६ घ्यायची तर लाखो डॉलर मोजावे लागतात, स्ट्रॅटोससाठी त्याहून जास्त. फियाट डिनो कूपे मात्र त्या मानाने फारच थोडक्यात मिळते. तिचा आकार बेर्तोनेच्या स्टुडिओत जॉर्जेतो जुजारोने रेखाटला होता. १९६९ नंतरच्या २.४ लिटरच्या फियाट डिनो तर मारानेल्लोत, फेरारीच्याच कारखान्यात जोडल्या गेल्या. तिचं इंजिन पुढच्या बाजूला आहे आणि डिनो २४६ चं मधोमध. हा फरक खरा आहे, त्यासाठी कुणी जास्त पैसे मोजले तर माझी तक्रार नाही. पण एवढ्या फरकाने किंमत दुप्पट व्हावी, फार तर तिप्पट. ती कित्येक पटींनी वाढते, तेव्हा आपण इंजिनाची जागा मोजत नसतो. आपण बिल्ला मोजत असतो.

गेली बरीच वर्षं मी जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावांचे निकाल नेमाने वाचत आलो आहे. सुरुवातीला मला वाटायचं की स्वस्तात जाणाऱ्या गाड्यांमध्ये काहीतरी खोट असणार, जाणकारांना ती दिसते आणि आपल्याला दिसत नाही. आता तसं वाटत नाही. काही गाड्यांत खोट असतेही, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण बहुतेक वेळा हा बाजार गाडीची पारख करतच नाही. तो तिचं कुळ विचारतो. आणि ही काही पैसेवाल्यांच्या हौसेपुरती गोष्ट नाही, कारण कोणती गाडी पन्नास वर्षांनी जिवंत असेल आणि कोणती भंगारात जाईल, हे शेवटी ती किंमतच ठरवते.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: जे दुर्मीळ ते महाग, बाकी काही नाही. मग अल्फा रोमिओ मॉन्ट्रियलचं काय करायचं? कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९६७ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात तिचा नमुना मांडला होता, त्यावरून तिला नाव मिळालं. १९७० ते १९७७ या काळात तिचे सुमारे ३,९०० नग निघाले. आकार मार्चेल्लो गांदिनीचा, आणि इंजिन टिपो ३३ या अल्फाच्या शर्यतीच्या गाडीवरून उतरवलेलं आठ सिलिंडरचं. दुसरीकडे जॅग्वार ई-टाइप, जी ७२ हजारांहून अधिक निघाली. पहिल्या मालिकेतली चांगली उघडी ई-टाइप आजही मॉन्ट्रियलहून महाग आहे. पोर्शे ९११ चा दहा लाखावा नग २०१७ मध्ये बाहेर पडला, तरी जुन्या ९११ च्या किमती कुठे पोचल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. कमी संख्येने किंमत वाढते हे खरं, पण आधी ती वस्तू कुणाला तरी हवीशी वाटावी लागते. आणि हवीशी का वाटते, या प्रश्नावर दुर्मीळपणाकडे काहीच उत्तर नाही.

दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे. बाजाराला वेळ लागतो, पण गुण असेल तर तो शेवटी ओळखला जातो, असं म्हणतात. दाखला म्हणून फेरारी २५० जीटीओ पुढे केली जाते. तिचे १९६२ ते १९६४ मध्ये ३६ नग बनले. त्यातली एक गाडी १९६४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेला, मुलांना मोटारदुरुस्ती शिकवण्यासाठी देणगी म्हणून मिळाली. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरला विकून टाकली. २०१८ मध्ये त्याच जातीची दुसरी एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पण यातून नेमकं काय सिद्ध झालं? जीटीओचं इंजिन १९७२ मध्ये जेवढं उत्तम होतं तेवढंच २०१८ मध्ये होतं. ती वळणावर जशी तेव्हा वळायची तशीच आज वळते. बदलली ती तिच्याभोवतीची कथा. १९७२ मध्ये ती शर्यतीतून बाद झालेली, जुनी, गैरसोयीची गाडी होती. आज ती एका गेलेल्या काळाची शेवटची साक्षीदार आहे. बाजाराने गुण ओळखला असं म्हणण्यापेक्षा बाजाराला कथा मिळाली असं म्हणणं खरं ठरेल. ज्या गाडीची कथा नीट बसत नाही, तिचा गुण कितीही असो, तो तसाच पडून राहतो.

कथा कशी बिघडते, हे बघायचं तर पोर्शेच्या घरात डोकवावं.

पोर्शे ९१४ ही फर्डिनांड पोर्शे यांचे चिरंजीव फेरी पोर्शे आणि फोक्सवागनचे प्रमुख हाइन्झ नोर्डहॉफ यांच्यातल्या तोंडी करारातून जन्मली. करार असा की एकच गाडी दोघांनी मिळून बनवायची; चार सिलिंडरची फोक्सवागनची, सहा सिलिंडरची पोर्शेची. एप्रिल १९६८ मध्ये नोर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोट्झ यांना तो तोंडी करार जसाच्या तसा मान्य नव्हता. त्यामुळे पोर्शेला बॉडी महाग पडली, आणि सहा सिलिंडरची ९१४/६ किमतीने थेट ९११ च्या जवळ जाऊन बसली. त्या पैशांत लोकांनी ९११ घेतली. ९१४/६ जेमतेम ३,३०० निघाल्या. चार सिलिंडरच्या लाखाहून अधिक खपल्या, पण त्यांना आयुष्यभर 'फोक्सवागन-पोर्शे' म्हणून हिणवलं गेलं. १९७० मध्ये याच ९१४/६ ने ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एकूण सहावा क्रमांक आणि आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला, त्याच वर्षी न्यूर्बुर्गरिंगवरच्या ८६ तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. इंजिन मधोमध, वजन कमी, तोल असा की त्या काळच्या ९११ ला हेवा वाटावा. पण हे सगळं तळटीपेत राहिलं.

९२४ ची गत याहून वाईट. ती मुळात फोक्सवागनने पोर्शेकडून स्वतःसाठी आखून घेतली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर फोक्सवागनने हात आखडता घेतला. पोर्शेने आपणच काढलेला आराखडा परत विकत घेतला, आणि १९७६ मध्ये गाडी बाजारात आणली ती नेकार्सउल्मच्या आउडीच्या कारखान्यातून. दोन लिटरचं १२५ अश्वशक्तीचं इंजिन आउडीच्या घरचं, आणि तेच पुढे फोक्सवागनच्या एलटी या मालवाहू व्हॅनमध्येही वापरलेलं. झालं. 'व्हॅनच्या इंजिनाची पोर्शे' हा शिक्का तिच्या कपाळावर कायमचा बसला. मला या शिक्क्याचा मनापासून राग येतो. ज्या ३५६ ने पोर्शेचं नाव जगात केलं, तिच्या सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन आणि निम्मे अवयव फोक्सवागन बीटलमधून आले होते. पण ३५६ ही घराण्याची मूळपुरुष, म्हणून तिच्या बाबतीत ती गरिबी कौतुकाची ठरली. ९२४ च्या बाबतीत तीच गरिबी लाजिरवाणी ठरली. खाण तशी माती म्हणायचं, तर दोघींची खाण एकच होती.

आणि याच ९२४ मधून पुढे ९४४ आली, जिच्या १ लाख ६० हजारांहून अधिक गाड्या विकून पोर्शे ऐंशीच्या दशकात तगली.

९२८ चं दुःख वेगळं. ती सवत नव्हती, ती तर पाटराणी व्हायला आली होती. १९७७ मध्ये ती ९११ ची जागा घेण्यासाठी बाहेर पडली: पुढे ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन, मागे गिअरबॉक्स, वळणावर मागची चाकं आपणहून सावरून घेणारी रचना. १९७८ मध्ये तिला 'युरोपियन कार ऑफ द इयर' हा मान मिळाला. स्पोर्ट्स कारला तो मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. मग १९८१ मध्ये पीटर शुट्झ पोर्शेच्या प्रमुखपदी आले. मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. त्यात ९२८ आणि ९४४ च्या रेघा पुढच्या वर्षांत जात होत्या आणि ९११ ची रेघ १९८१ पाशी थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ९११ ची रेघ तक्त्याबाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. ही आठवण ते स्वतः सांगत असत, आणि ९११ चे चाहते ती भक्तिभावाने सांगतात. मी ती ऐकतो तेव्हा माझं लक्ष दुसऱ्या रेघेकडे जातं. त्या दिवशी ९११ वाचली, आणि ९२८ जिवंतपणीच बिनवारशाची झाली. गाडीत त्या दिवशी काहीच बदल झाला नव्हता. उलट पुढची चौदा वर्षं ती सुधारतच गेली. तरी बाजाराच्या लेखी ती 'जी ९११ होऊ शकली नाही ती' एवढीच उरली.

या तऱ्हेने थोरल्याच्या सावलीत करपलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. जॅग्वार एक्सजे-एस १९७५ मध्ये ई-टाइपनंतर आली. लोकांना दुसरी ई-टाइप हवी होती, आणि मिळाली बारा सिलिंडरची, शांत, लांबच्या प्रवासाची गाडी, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना उतरते पंख असलेली, जे पंख बऱ्याच जणांना आवडले नाहीत. तेलाच्या भडक्यानंतर बारा सिलिंडर घेऊन बाजारात उतरणं हेही दुर्दैवच. १९८४ मध्ये टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाने याच गाडीने युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद आणि स्पाची २४ तासांची शर्यत जिंकली. किमतीवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. पोर्शे ९९६ ही पाण्याने थंड होणारी पहिली ९११. कंपनी बुडता बुडता वाचलेली, खर्च कमी करायचा म्हणून पुढचा भाग बॉक्स्टरशी जुळता ठेवलेला, आणि हेडलाइट आधीच्या ९११ सारखे गोल नाहीत. तिच्या इंजिनात एक खरी दुखरी जागा आहे, इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. पण त्यावर इलाज निघून किती वर्षं झाली. तिच्या टर्बो आणि जीटी३ या बहिणींच्या वेगळ्या जातीच्या इंजिनात तर ते दुखणं मुळातच नाही. तरी ९९६ च्या निंदेत हेडलाइट आधी येतात आणि बेअरिंग नंतर.

आता खोटीबद्दल. ब्रिटनची ट्रायम्फ स्टॅग १९७० मध्ये आली आणि तिचं तीन लिटरचं व्ही-एट इंजिन तापायला लागलं. पाण्याचा पंप इंजिनात इतका उंचावर बसवला होता की पाणी थोडं कमी झालं तरी पंप कोरडा पडायचा. वर ओतकामातली रेती पाण्याच्या वाटांत अडकून राहिलेली, आणि ॲल्युमिनियमच्या हेडना गंजण्यापासून वाचवायचं तर योग्य कूलंट वेळेवर बदलायला हवं, ते कुणी बदलायचं नाही. ही खोट खरीच होती. १९७७ पर्यंत सुमारे २६ हजार गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद पडलं. पण त्यानंतर मालकांच्या क्लबांनी, छोट्या कारागिरांनी हे दुखणं मुळापासून समजून घेतलं. वाटा साफ केल्या, रेडिएटर मोठे बसवले, ओतकाम आणि पंप सुधारले. नीट बांधलेलं स्टॅगचं इंजिन आज शांतपणे चालतं, आणि त्याचा आवाज ज्याने ऐकला तो विसरत नाही. पण एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. पन्नास वर्षांनीही 'तापणारी गाडी' हीच तिची ओळख आहे. बाजार गाडीचा आजार लक्षात ठेवतो, ती बरी झाली हे लक्षात ठेवत नाही.

मासेराती बायटर्बोबद्दल मी असं म्हणणार नाही. १९८१ च्या अखेरीस घाईने बाजारात आणलेल्या त्या गाड्यांच्या सुरुवातीच्या नगांत दुखणी एवढी आणि इतक्या ठिकाणी होती की खरेदीदाराने हात राखून ठेवला तर तो चुकला असं कसं म्हणावं? न्याय मागायचा तर सरसकट मागता येत नाही.

किंमत पाडणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात अन्यायाची वाटते: मागची आसनं. लॅम्बोर्गिनी मिउरा आणि एस्पाडा या दोन्ही गांदिनीच्या हातच्या, दोन्हींत चार लिटरचं तेच बारा सिलिंडरचं इंजिन. मिउराच्या साडेसातशेहून थोड्या जास्त गाड्या निघाल्या, एस्पाडाच्या १,२१७. मिउराची किंमत दहा लाख डॉलरच्या पार गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एस्पाडा तिच्या जवळपासही नाही, कारण तिच्यात चार माणसं बसतात. स्पोर्ट्स कार म्हणजे एकट्याने किंवा दुकट्याने उधळायची चीज, त्यात मुलं कशाला, अशी ही समजूत. फेरारी मॉन्डियल, फेरारी ४००, लोटस एलान प्लस टू, ई-टाइपची लांब चारआसनी आवृत्ती, या सगळ्या एकाच माळेचे मणी. वास्तविक चार माणसांना आरामात बसवून गाडी वेगात आणि तोलात चालवणं हे अभियंत्यासाठी जास्त अवघड काम आहे. ज्यांनी ते साधलं त्यांना बक्षीस मिळायला हवं होतं.

जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या प्रवेशिका हाही मोठा भाग आहे, पण तो चटकन सांगून होतो. इटलीतली आजची मिल्ले मिल्या फक्त अशाच मॉडेलना दार उघडते ज्यांनी १९२७ ते १९५७ च्या मूळ शर्यतीत भाग घेतला होता. इंग्लंडमधली गुडवुड रिव्हायव्हल १९६६ पर्यंतच्या गाड्यांपाशी थांबते. ज्या मॉडेलच्या नावापुढे असा प्रवेश आहे त्याची किंमत आपोआप चढते. १९७० च्या दशकातल्या गाड्यांच्या वाट्याला असे समारंभ उशिरा आले, आणि जे आले त्यांचा मान अजून तेवढा नाही. तरुणपणी ज्या गाडीचं चित्र भिंतीवर होतं ती चाळिशी-पन्नाशीत पैसे हाती आल्यावर घ्यावीशी वाटते, हेही खरंच. जपानी गाड्यांच्या किमती वर गेल्या त्या याच पिढीच्या हातून. टोयोटा २०००जीटी २०१३ मध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली, तेव्हा अनेकांना तो धक्का होता. पण पिढी बदलली म्हणून ९२८ ला न्याय मिळेल, या भरवशावर बसून राहता येत नाही. चित्र लावलेली मुलं मोठी होईपर्यंत गाडी तर टिकली पाहिजे.

इथे कुणीही विचारेल, स्वस्त राहिल्या तर बिघडलं कुठे? सामान्य माणसाला परवडतील, तो त्या चालवील, गाड्या तिजोरीत बंद होण्यापेक्षा ते बरं. मीही अनेक वर्षं असंच म्हणत होतो. आता म्हणत नाही, कारण या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. स्वस्त गाडी वेगळी आणि स्वस्तात सांभाळता येणारी गाडी वेगळी.

एमजीबी स्वस्त आहे आणि सुरक्षितही आहे. पाच लाखांवर निघाल्या, यंत्र साधं, सुटा भाग हवा तो मिळतो. १९८८ पासून तर तिची आख्खी बॉडी नवी कोरी बनवून मिळू लागली. एमजीबीला कुणी कमी लेखलं तरी तिचं काही वाकडं होत नाही. पण एक्सजे-एस, ९२८, एस्पाडा, मॉन्डियल यांचं तसं नाही. घेताना किंमत पडलेली, पण पोटात इंजिन आठ किंवा बारा सिलिंडरचं, आणि ते उघडायचा खर्च तिच्या महागड्या भावंडांएवढाच. पत्र्याचं काम करणारा कारागीर तासाचे पैसे घेतो. समोरची गाडी मिउरा आहे की एस्पाडा, यावर त्याचे तास कमी होत नाहीत. उलट एस्पाडाचा पत्रा जास्त. हत्ती कमी पैशांत मिळाला म्हणून त्याचा चारा कमी लागत नाही.

मग काय होतं ते बघा. एकाने हौसेने ९४४ घेतली. तिच्या टायमिंग बेल्टची मुदत संपत आली आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं, हे त्याला माहीत आहे. पण बेल्ट, रोलर, पाण्याचा पंप आणि मजुरी धरून येणारा आकडा गाडीच्या किमतीपुढे डोळ्यांत भरतो. तो म्हणतो, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी तो गाडी विकतो, आणि विकत घेणाराही तेच म्हणतो. तिसऱ्याच्या हातात बेल्ट तुटतो. आता इंजिनाचा खर्च गाडीहून जास्त, म्हणून ती सुट्या भागांसाठी मोडली जाते, आणि गावभर एक वाक्य फिरतं: या गाड्यांची इंजिनं टिकत नाहीत. त्या वाक्याने उरलेल्या गाड्यांची किंमत आणखी पडते, आणि त्यांचे मालक पुढचा बेल्ट आणखी लांबणीवर टाकतात. कमी किमतीतून हयगय, हयगयीतून बदनामी, बदनामीतून आणखी कमी किंमत. या रहाटगाडग्यात गाडीचा दोष कुठे आहे?

विमाही याच रहाटाला हातभार लावतो. किरकोळ धडकेत पुढचा पत्रा आणि रेडिएटर गेला, तर दुरुस्तीचा खर्च बाजारभावाशी ताडला जातो. महाग गाडी दुरुस्त होते. स्वस्त गाडी, तेवढाच मार लागलेली, 'दुरुस्तीपलीकडे' म्हणून कागदोपत्री मरते.

याच्या जोडीला 'आज स्वस्त आहे, घेऊन ठेवा, उद्या दहापट होईल' असं सांगणाऱ्यांचं पीक आलं आहे. त्यांच्यामुळे दुर्लक्षित गाड्यांचं भलं होईल असं वाटतं, पण होत नाही. एन्झो फेरारी ऑगस्ट १९८८ मध्ये वारले, त्यानंतर दोन वर्षं फेरारीच्या किमती आभाळाला भिडल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोसळल्या. भावासाठी गाडी घेणारा माणूस भाव पडला की पहिली काटछाट देखभालीत करतो. त्याला गाडी नको असते, भावातला फरक हवा असतो. मला गाडीचा भाव वाढायला हवा आहे असं नाही. मला तिची दुरुस्ती तिच्या भावापासून सुटी व्हायला हवी आहे.

ते होऊ शकतं. मूळ कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्यांसाठी खास विभाग काढले आहेत, सुटे भाग पुन्हा बनवून देतात, ही चांगली गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांनी सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. ज्या गाड्या महाग आहेत त्यांचे भाग खासगी कारखाने कसेही करून बनवणारच, कारण गिऱ्हाईक वाटेल ते द्यायला तयार आहे. कंपनीच्या साच्यांची आणि जुन्या नकाशांची खरी गरज आहे ती ९२८ च्या, एक्सजे-एसच्या मालकाला. माझ्दाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी दुरुस्तीची योजना आणली, त्या गाडीला तेव्हा दुर्मीळ म्हणावं अशी स्थितीच नव्हती. गाड्या मरायच्या आत सुरुवात केली, म्हणून मला त्या योजनेचं मोल वाटतं. गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धांमध्ये परीक्षकांनी चारआसनी आणि मिश्र वंशाच्या गाड्यांना वेगळा वर्ग द्यावा. संग्रहालयांनी मिउराशेजारी एस्पाडा उभी करावी. आणि घेणाऱ्याने गाडीची किंमत विचारण्याआधी तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या कामाचा हिशेब मांडावा, तेवढे पैसे बाजूला असतील तरच हात पुढे करावा. हे शेवटचं मी स्वतः उशिरा शिकलो.

एवढा आग्रह का धरायचा, असं वाटत असेल तर फेरारी २५० जीटीईकडे बघावं. १९६० ते १९६३ या काळात तिच्या सुमारे साडेनऊशे गाड्या निघाल्या. फेरारीची मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली चारआसनी गाडी. तिच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर कारखान्याची शर्यतींची चूल पेटती राहिली. रोमच्या पोलिसांकडे यातली एक काळी गाडी होती, ती गुन्हेगारांच्या पाठलागासाठी वापरली जायची. तिचं तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन जीटीओच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. पण चार आसनं होती, म्हणून ती स्वस्त राहिली. इतकी स्वस्त की पुढच्या दशकांत लोकांनी जीटीई विकत घेतल्या त्या कापण्यासाठी. आतलं इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, काढायची आणि त्यावर जीटीओची नक्कल उभारायची. किती जीटीई अशा संपल्या याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही, कारण त्या जात होत्या तेव्हा त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं.

जीटीईच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर. जीटीओचं २,४००. म्हणजे नक्कल हुबेहूब व्हायची तर चासी मधून वीस सेंटिमीटर कापावी लागते. एखाद्या कुटुंबासोबत लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुलांचे पाय जिथे टेकत होते, ती जागा म्हणजे हे वीस सेंटिमीटर.